मिलूदने होडी का जाळली नाही

तिझ्गी, ११ ऑक्टोबर १९९४

खाल्ती,

आधी तुझ्या उजव्या हाताचा मुका घेते, नाहीतर मावशी म्हणेल, भाची डोंगरात गेली आणि रीतभात खाली सलेमध्येच विसरली.

मी बरी आहे असं लिहायला बसले होते, पण तुझ्याशी खोटं कुठे चालतं? मी बरी नाही. जीव एका जागी ठरत नाही. सकाळी उठते ती चिडूनच. तीन इयत्ता एका खोलीत, शेगडी आहे पण लाकूड ‘येणार आहे’, आणि मुलं अशी वाचतात की ऐकून छाती अभिमानाने भरावी. धडा वाहत्या पाटासारखा तोंडातून बाहेर पडतो. पण विचार, ‘काय वाचलंस रे?’ की संपलं. सगळे मूग गिळून बसतात. घरी डोंगरातली तमाझिख्त बोलायची, पुस्तकात अरबी, आणि मधलं अंतर घोकून घोकून पार करायचं.

म्हणून मी तुझ्या वर्गातला जुना खेळ सुरू केलाय. दुपारी चटई मागच्या भिंतीशी टाकते. पाच-सहा मुलं माझ्यासोबत चटईवर, बाकीची पाटीवर लिहीत किंवा चित्रं काढत. एक छोटी गोष्ट, तिच्यातले तीनच शब्द, मग प्रश्न. तीन गट केलेत: करकोचे, तितर आणि साळिंदरं. नावं मुलांनीच ठेवली. करकोचे झपाट्याने पुढे जातात, तितर फडफडतात तरी, आणि साळिंदरं अंगाचा गोळा करून बसतात. मुख्याध्यापक सी मुहा दारातून डोकावून म्हणाले, “चटई चहा प्यायला असते, उस्ताजा. शिकवायला फळा दिलाय सरकारने.”

साळिंदरांत तुदा नावाची मुलगी आहे. मागच्या वर्षी ती वरच्या इयत्तेत गेली नाही. बाप फ्रान्समध्ये कामाला, घर आजोबांच्या हाती. हे बासू आजोबा परवा आठवडी बाजारात भेटले. मी सलाम केला, त्यांनीही केला, आणि पुढच्याच श्वासात म्हणाले, “मे महिन्यात तपासनीस येतो. त्याच्यासमोर पोरीने वाचून अर्थ सांगितला तर शाळा. नाहीतर मेंढरांबरोबर वरच्या कुरणात. तिथे अर्थ लागत नाही.” माणूस वाईट नाही, पण बोलला ते करेल असा आहे.

तुदाचे डोळे बघितलेस तर तुला कळेल मला का राहवत नाही. त्या डोळ्यांत सगळं आहे, तोंडातून काही येत नाही.

आणि हो, जानेवारीत बदलीचे अर्ज घेतात. तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी, हे कुठलं शहाणपण? तू ‘ये’ म्हण, मी अर्ज भरते.

तुझी विदाद

---

सले, २५ ऑक्टोबर

विदाद पोरी,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून घाबरू नकोस. मी जिन्यात घसरले, मनगट मुरगळलं. समोरची फत्तूमा शिवणयंत्र सोडून माझ्यासाठी लिहायला बसलीय. पाचवीपर्यंत शिकलेली आहे, चुका तिच्या, अक्कल माझी. (लल्ला झहूर सांगतात तेच लिहितेय. चुका मी करत नाही. – फत्तूमा)

‘ये’ मी म्हणणार नाही. महिनाभरात बदली मागणारी शिक्षिका म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी परतलेली नवरी. लोक हसतात आणि मेहरही परत मागतात.

आता कामाचं. तीन शब्द हे बरोबर, पण शब्द कुठले निवडतेस? पुस्तकात जाड ठशात छापलेले निवडू नकोस, ते छापणाऱ्याने निवडलेले असतात. ज्या शब्दावाचून गोष्ट चालूच शकत नाही, ते निवड. मुलांना अर्थ सांगू नकोस, वस्तू दाखव. वस्तू नसेल तर करून दाखव. मग प्रत्येकाने तो शब्द स्वतःच्या घरात नेऊन बसवायचा: आपली आई, आपली शेळी, आपलं छप्पर. जो शब्द घरात शिरला तो राहिला. बाहेर ओट्यावर बसवलेला शब्द संध्याकाळी निघून जातो.

आणि गट पक्के करू नकोस. साळिंदराला एखाद्या दिवशी करकोच्यांत बसव. नाहीतर काटे अंगाला चिकटतात.

लोकरीचे मोजे घाल. बदलीचा विषय पुन्हा काढू नकोस.

खाल्ती

---

तिझ्गी, १० नोव्हेंबर

खाल्ती,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना काहीतरी टोचलं. तू दर पत्राच्या शेवटी घालतेस ते वाक्य कुठे गेलं? ‘इथे कशाचीच कमी नाही, फक्त तुझा चेहरा बघायला मिळत नाही.’ शिकायला बाहेर होते तेव्हापासून ते वाक्य मला मिळत आलंय. फत्तूमाने खाल्लं की तू रागावलीस?

शब्दांचं मात्र तू म्हणालीस तसंच झालं. या महिन्याची गोष्ट समुद्राची आहे. काय निवड बघ! पोरांनी समुद्र सोड, तळंही पाहिलेलं नाही. गोष्ट अशी: मिलूद नावाचा कोळी, त्याची मुबारका नावाची म्हातारी होडी. तिला भोक पडतं, सगळे म्हणतात फोडून जाळ. तो जाळत नाही, वाळूवर तिरकी टेकवून ठेवतो. मग तिच्यात कोंबड्या राहायला लागतात. पावसाळ्यात शेजारच्या नदीला पूर येतो, होडी कोंबड्यांसकट तरंगते आणि आख्ख्या गल्लीची पिल्लं वाचतात.

होडी, भोक, तरंगणं. हे तीन शब्द. मी पितळी परात आणली, पाण्यात अक्रोडाचं कवच सोडलं. सगळी साळिंदरं परातीवर अशी ओणवी झाली की डोक्याला डोकी आपटली. मग मी कवचाला भोक पाडलं. तुदाने श्वास रोखला. दुसऱ्या दिवशी ती येऊन हळूच म्हणाली, “आमच्या डाळीत पण तरंगतात. किडलेल्या.” मी तिला उचलूनच घेतलं असतं.

पण प्रश्न विचारले की पुन्हा तेच. मी पान वाचते, तीही वाचते, मी विचारते, ‘मुबारका कोण?’ गप्प. ‘तिच्यात कोण राहतं?’ गप्प, मान खाली. आत्ता तर डाळीबद्दल बोलत होती! सी मुहा म्हणाले, “डोकं नसतं काहींना. देवाची मर्जी.” मी त्यांच्यावर चिडले, पण घरी येऊन भाकरी करताना माझ्याही मनात तेच आलं. त्याची लाज वाटली, म्हणून तुला सांगते.

गोष्टीचं पान आणि माझा पाठाचा आराखडा सोबत पाठवते. प्रश्न क्रमाने लिहिलेत. पूर्वी करायचीस तशा लाल शाईने खुणा कर, डाव्या हाताने कर हवं तर, पण कर. घोडं कुठे पेंड खातंय ते मला दिसत नाहीय.

मनगट कसं आहे?

विदाद

---

सले, २७ नोव्हेंबर

विदाद पोरी,

तुझ्या आराखड्यावर चहा सांडला. लाल खुणा राहू दे, तोंडी सांगते.

प्रश्न मोठे आहेत. मूल मोठ्या प्रश्नाला घाबरतं. ‘का’ आणि ‘कसं’ सोड. आधी उत्तर समोर दिसेल असं विचार: होडीचा रंग कुठला? कोंबड्या किती? बोटाने दाखवता येईल असं. एकदा तोंड उघडलं की मग पुढे जा. चाळीस पावसाळे मी हेच केलंय.

मनगटाचं म्हणशील तर वयाप्रमाणे आहे. शाळेचं बघ. सार्डिन स्वस्त झालेत, मी आणि फत्तूमा रोज खातोय. (लल्ला काटे काढायला मला सांगतात. दोन हात असूनसुद्धा. – फत्तूमा)

वरची ओळ खोडायला सांगितली होती, तिने खोडली नसेल. ती माझं ऐकत नाही.

खाल्ती

---

तिझ्गी, १८ डिसेंबर

खाल्ती,

तुझा सल्ला अंगाशी आला.

मी तुदाला जवळ बसवलं. समोर चित्र. होडी निळी, इतकी निळी की आंधळ्यालाही दिसावी. मी विचारलं, “तुदा, होडीचा रंग कोणता?” तिने माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज चढला असेल माझा, थंडी होती, लाकूड अजून ‘येणार आहे’, आणि शेजारची दोघं भांडत होती. तुदा म्हणाली, “मी नाही केलं, उस्ताजा.”

काय नाही केलं? मी होडीचा रंग विचारतेय! ती उठली आणि बर्फातून घरी पळाली. चपला चटईपाशीच राहिल्या.

चपला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. बासू आजोबांनी चहा दिला, साखर भरपूर, शब्द मोजके. “उस्ताजा, तुम्ही चांगल्या आहात. पण आमची पोर घाबरते. मारायला पट्टी काढताय असं तिला वाटतं. मे कशाला, हिवाळा संपला की कुरणात जाऊ दे.” तुदाची आई कोपऱ्यात लोकर विंचरत होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. तुदा चुलीमागे. मी तिच्या चपला उंबऱ्यावर ठेवल्या आणि निघाले. वाटेत रडले, खरं सांगते. मोठ्याने रडले, ऐकायला होतं कोण तिथे?

मी छळतेय त्या मुलीला. शिकवायला आले आणि तिला शाळेची धास्ती बसवली. म्हणून ठरवलंय: बदलीचा अर्ज भरून ठेवलाय. सहीसुद्धा झाली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या गाडीबरोबर जाईल. मी गेले की चटई गुंडाळली जाईल, सी मुहा खूश, आजोबा मोकळे.

आणि एक विचारते. मुरगळलेलं मनगट दोन महिने कुणाचं दुखतं? मला तुझ्या हाताची एक ओळ हवी. वाकडी चालेल.

विदाद

---

सले, २ जानेवारी १९९५

विदाद,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

मनगटाला काही झालेलं नाही. मला दिसत नाही. काचबिंदू. डावा डोळा तू जाण्याआधीच गेला होता, उजवा सप्टेंबरपासून जातोय. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं, खिडकीत कोण आहे ते नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. तुझ्या आराखड्यावर चहा सांडला नाही, तो माझ्या उशाखाली आहे. हात फिरवून बघते. ते वाक्यसुद्धा फत्तूमाने खाल्लं नाही. ‘तुझा चेहरा बघायला मिळत नाही’ असं मी रडल्याशिवाय सांगू शकले नसते आणि रडले तेही ती लिहून मोकळी झाली असती.

सांगितलं नाही, कारण तू पळत आली असतीस. आजही सांगणार नव्हते. पण तुझ्या त्या तुदाचं कोडं सुटलंय, आणि ते कसं सुटलं हे माझे डोळे गेल्याचं कळवल्याशिवाय सांगता येत नाही. काय करू?

ऐक. फत्तूमाने तुझी होडीची गोष्ट मला वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर माझी जुनी खोड, मी विचारलं, “मग कोंबड्या कुठे राहिल्या?” ती गप्प. पुन्हा विचारलं. तर काय म्हणावं हिने! “आत्ताच ऐकलंत ना लल्ला? मग मला का विचारता? मी काय चोरी केलीय?” आणि रुसून शिवायला निघून गेली. (रुसले नव्हते. कामाचे कपडे होते. – फत्तूमा)

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाचत होती आणि मला मध्येच डुलकी लागली. जागी होऊन मी म्हणाले, “अगं मेले, झोप लागली. पुराचं काय झालं?” आणि ही बाई सुटली! पूर कसा आला, पिल्लं कशी ओरडली, मिलूद कसा धावला, तो का धावला, त्याच्या बायकोला काय वाटलं असेल, जे पुस्तकात नाही तेही. हातवारे करत होती, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

विदाद, घरात मोठं माणूस स्वतः बघितलेली गोष्ट कधी विचारतं? भांडं फुटलेलं समोर असतं आणि आई विचारते, ‘हे काय आहे?’ तेव्हा. म्हणजे मार पडणार असतो. होडी निळी आहे हे तुला दिसतंय, तरी तू तीनदा विचारतेस. ती बिचारी शोधत होती की आपण काय फोडलं. ‘मी नाही केलं’ हे तिचं अगदी नेमकं उत्तर होतं. तिला गोष्ट समजली होती, तू समजली नव्हतीस. मीही नाही. लहान प्रश्न विचार म्हणाले, म्हणजे आगीत तेलच ओतलं.

जिला माहीत नाही तिलाच सांगता येतं. तर मी इथे आहे. मला ती गोष्ट माझ्या डुलकीतून आणि फत्तूमाने पदरचं घातल्यामुळे अर्धीमुर्धीच कळलीय, आणि मला स्वतःला वाचता येत नाही. हे खोटं नाही, नाटक नाही. तुदाला सांग, सलेमध्ये एक आंधळी म्हातारी आहे, तिला मुबारकाचं काय झालं ते जाणून घ्यायचंय. आणि त्या म्हातारीला तमाझिख्त येत नाही, पुस्तकातलेच शब्द लागतील.

अर्ज फाड. माझ्यासाठी येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही. चावी तशीही फत्तूमाकडे असते.

खाल्ती

---

तिझ्गी, १२ फेब्रुवारी

खाल्ती,

तुझ्यावर इतकी रागावलेय की आठवडाभर कागदाला हात लावला नाही. मग घाट बर्फाने बंद झाला, म्हणून उशीर. मला सांगायला नको होतं का? मी ‘आंधळ्यालाही दिसावी’ असं लिहिलं आणि ते तुला फत्तूमाने वाचून दाखवलं! मला जमीन पोटात घेईना. उन्हाळ्याच्या सुट्टीत येते आणि तुझ्याशी मनसोक्त भांडते. अर्ज मात्र फाडला. त्याच्या कागदावर करकोच्यांनी शब्द लिहिले.

आता ऐक. मी तुदाच्या घरी पुन्हा गेले. प्रश्न एकही विचारला नाही. चहा प्यायले आणि तुझी हकिकत सांगितली, सगळी, उशाखालच्या कागदासकट. तुदाच्या आईने पहिल्यांदा वर बघितलं. तुदा चुलीमागून म्हणाली, “मग त्यांना पत्र कोण वाचतं?” मी म्हणाले, शेजारीण. “आणि शेजारीण कामावर असली की?” मी म्हणाले, मग कुणी नाही.

ती उठली, सरळ आजोबांच्या पेटीकडे गेली आणि टेपरेकॉर्डर घेऊन आली. इथे फ्रान्सला पत्र कोण लिहितं? कॅसेट बोलतात. महिन्यातून एकदा सगळं घर त्या यंत्राभोवती बसतं, मेंढी व्यायली, भिंत पडली, आजीचा दात गेला, सगळं सांगतात आणि कॅसेट बाजारातून जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देतात. माझ्या नाकासमोर होतं आणि मी परात घेऊन फिरत होते! बासू आजोबा त्या यंत्राला कुणाला बोट लावू देत नाहीत. पण तुदा त्यांच्यासमोर ते धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आंधळ्या बाईला सांगायचंय.” दुवा मिळवायची संधी कुठला म्हातारा सोडतो? “लाव,” म्हणाले.

सोबतची कॅसेट तीच. मध्ये मेंढरू ओरडतं ते आमच्या गोष्टीतलं नाही. तुदा जिथे थांबते तिथे ती मला खुणेने शब्द विचारतेय. ‘तिरकी’ला अरबीत काय म्हणतात, तिने हात वाकडा करून विचारलं. खाल्ती, महिनोन् महिने मी शब्द तिच्या तोंडात कोंबत होते, आणि आता ती माझ्या तोंडातून ओढून काढतेय, कारण तुला ‘तिरकी’ समजली पाहिजे.

आणि आजोबा! अर्ध्यात त्यांनी यंत्र थांबवलं. मला वाटलं, झालं. तर म्हणाले, “थांब, थांब. कोंबड्या आत असताना भोक कुणी बुजवलं?” त्यांना गोष्ट माहीत नव्हती ना! तुदाने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आजोबा, मिलूदनेच. रोज थोडं डांबर. कुणाला न सांगता.” हे पुस्तकात एका ओळीत आहे, खाल्ती, ती ओळ करकोच्यांनाही सापडली नव्हती.

आता चटईवर असं चालतं: एक गट गोष्ट वाचतो, दुसरा वाचत नाही. मग वाचलेला न वाचलेल्याला सांगतो, आणि ऐकणाऱ्याने खरोखर जे कळलं नाही तेच विचारायचं. मी मध्ये बोलत नाही. मला फार जड जातं.

पण सुख कुठे पूर्ण मिळतं? मी आजोबांना म्हणाले, आता तरी तिला राहू द्या. ते म्हणाले, “मी ऐकलं, मला पटलं. पण शिक्का तपासनीसाचा. त्याच्यासमोर बोलली तर राहील.” आणि तपासनीस पुस्तक हातात धरून विचारतो. तो तर सगळ्यात जास्त माहीत असलेला माणूस. मला पुन्हा झोप नाही.

विदाद

---

सले, १ मार्च

विदाद पोरी,

कॅसेट तीनदा ऐकली. फत्तूमाने मेंढरावर रडून घेतलं, का ते विचारू नकोस. (आमच्या गावी होतं तसंच. – फत्तूमा)

तुदाला माझा सलाम सांग, आणि हे विचार. मला खरंच कळलं नाही, म्हणून विचारते: सगळे म्हणत होते होडी फोडून जाळ, हिवाळा होता, लाकूड महाग. मग मिलूदने ती का जाळली नाही? फत्तूमा म्हणते कंजूष होता. मला पटत नाही.

तपासनीसाचं तू तिच्यावर सोड. तुला पाठांतर करून घ्यायचा मोह होईल. चटईला बांधून घे स्वतःला, पण करून घेऊ नकोस.

खाल्ती

---

तिझ्गी, २१ मे

खाल्ती,

पाय दुखताहेत, खोलीत येरझाऱ्या घालून. झालं ते एका दमात सांगते.

तपासनीस सकाळी आले. भला माणूस, पण रस्त्याने हाडं खिळखिळी झालेली आणि अजून दोन शाळा बाकी. उंटावरून शेळ्या हाकत करकोचे उरकले, तितर उरकले. मग साळिंदरं. दारात बासू आजोबा, डोक्याला नवं पागोटं. सी मुहांनी मला कानात सांगितलं, “हिला मागे बसवा, नजरेत येणार नाही.” मी म्हणाले, ती पुढेच बसेल.

तपासनीसांनी पुस्तक उघडलं आणि नेमकी मुबारकाची गोष्ट लागली. योगायोग कसला, पुस्तकात गोष्टीच सात-आठ. तुदाने पान वाचलं. छान वाचलं. मग त्यांनी पुस्तक स्वतःकडे घेतलं, पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “होडीचं नाव काय?”

तुदा गप्प.

“होडीत कोण राहायचं?”

गप्प. मला तिच्या मानेवरून कळत होतं, ती पुन्हा चुलीमागे निघाली होती. तपासनीसांनी पेन उघडलं. आजोबांनी नजर जमिनीला लावली. मी शालीचं टोक इतकं पिळलं की धागा निघाला. तोंड उघडलं नाही. तुझी शपथ, नाही उघडलं.

तेव्हा तुदा उठली. टेबलापाशी गेली. तपासनीसांच्या हातातून तिने पुस्तक काढून घेतलं, हळूच, झोपलेल्या माणसाच्या हातातून जपाची तसबी काढून घ्यावी तसं. मिटलं. परत आली, पुस्तक चटईवर ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

“आता तुम्हाला दिसत नाही,” म्हणाली. “आता सांगते.”

सी मुहांच्या तोंडून “अल्लाह!” निघालं. तपासनीस हात तसाच उघडा धरून बसले होते, पुस्तक नसलेला. आणि तुदा बोलायला लागली. कॅसेटवर बोलते तशी, मान वर, तुझ्याशी बोलल्यासारखी. भोक, डांबर, कोंबड्या, पूर, पिल्लं. दोन शब्द तमाझिख्तचे आले, तिने स्वतःच मागे फिरून अरबीत सांगितले. तपासनीसांचं पेन टेबलावर पडलेलं. मध्येच ते म्हणाले, “एक मिनिट, मला हे नीट आठवत नाही. मग त्याने आधीच होडी का जाळली नाही? गरीब होता ना?” खाल्ती, तुझाच प्रश्न! मी तिला तो मार्चमध्येच सांगितला होता, तिने तेव्हापासून उत्तर दिलं नव्हतं.

ती म्हणाली, “तो संध्याकाळी तिच्यात जाऊन बसायचा. पुस्तकात लिहिलंय, बसायचा. माझ्या बाबांचा लोकरीचा बुर्नूस खुंटीवर आहे. हिवाळ्यात आम्हाला गार वाटतं, तरी आई तो उसवून आमच्यासाठी काही शिवत नाही. संध्याकाळी त्याला हात लावते. जे ठेवलंय त्यात माणूस परत येतो.”

आजोबांनी नव्या पागोट्याच्या शेवाने नाक पुसलं. तपासनीस म्हणाले, “माझ्या उत्तरसूचीत ‘काटकसरी होता’ असं आहे.” मग ती सूची सी मुहांपुढे सरकवून, “ते खोडा.” तुदाच्या नावापुढे त्यांनी शिक्का मारला. उठताना तिला म्हणाले, “आता पुस्तक देशील का, बेटी? पुढच्या शाळेत लागेल.” ती म्हणाली, “तिथेही मिटूनच विचारा.”

ती वरच्या इयत्तेत गेली. मेंढरं तिच्या चुलतभावाबरोबर कुरणात गेली, तो आधीपासून तेच मागत होता. चटईचं म्हणशील तर सी मुहांनी कालच विचारलं, दुसरी चटई कुठे मिळेल. चहासाठी, म्हणाले. मी हसले नाही.

पुढच्या वर्षीही मी इथेच आहे. सुट्टी लागली की आधी तुझ्याकडे. इथे कशाचीच कमी नाही, खाल्ती, फक्त तुझा चेहरा बघायला मिळत नाही. ते वाक्य यापुढे मी लिहीन.

सोबत तुदाचा कागद आहे. मी वाचला नाही, तिने वाचू दिला नाही. म्हणाली, “तुम्हाला नाही लिहिलेलं.”

विदाद

---

लल्ला झहूर यांना, तुदाचा सलाम.

हे मी हाताने लिहिते आहे. कॅसेट आजोबांनी बाबांसाठी ठेवली आहे. फत्तूमा मावशी, तुम्ही नीट वाचा, मध्ये तुमचं घालू नका.

मी पास झाले. आता मी करकोचा आहे, पण दुपारी साळिंदरांत बसते. मी नवीन गोष्ट वाचली आहे, ती तुम्हाला माहीत नाही. उस्ताजा सुट्टीत येतील तेव्हा मी त्यांच्याबरोबर येऊ शकते, आजोबा हो म्हणाले. मग समोर बसून सांगेन. मला समुद्रपण बघायचा आहे, तुम्ही मला तो कुठे आहे ते दाखवा. तुम्हाला आवाजावरून कळत असेल.

मला एक विचारायचं आहे. उस्ताजांना विचारलं तर त्या रडल्या. तुम्ही डोळे उघडे ठेवता तेव्हा काळं दिसतं, की काहीच दिसत नाही? आणि त्या उजेडात, खिडकीच्या, मी येऊन उभी राहिले तर तुम्हाला कुणीतरी आलं एवढं कळेल ना?

मला माहीत नाही, म्हणून विचारते.

तुदा